पॅसेजमध्ये एक मोठा दिवा नको, दोन छोटे लावा

नागपूरच्या महाल-इतवारीतल्या जुन्या घरांचा पॅसेज लांब आणि चिंचोळा. मधोमध १५ वॉटचा एक दिवा लावला तरी दोन्ही टोकं अंधारीच राहतात.

१२ फुटांच्या पॅसेजमध्ये ५ वॉटचे दोन एलईडी लावा, प्रत्येक टोकापासून ३ फूट सोडून. भिंती पांढऱ्या असतील तर एवढा उजेड भरपूर होतो.

घेताना खोक्यावरच्या ल्युमेनला, म्हणजे उजेडाच्या आकड्याला, वॉटने भागा. १०० च्या आसपास किंवा जास्त आकडा आला तरच घ्या, नुसते वॉट बघू नका.

दोन्ही टोकांना टू-वे स्विच मात्र हवाच, म्हणजे कुठल्याही टोकाहून दिवे लावता-विझवता येतात. दिवा विझवायला परत जावं लागत नाही, म्हणून तो खरंच विझवला जातो.

एक जपा: नागपुरात मे महिन्यात स्लॅब रात्रीही तापलेला असतो. बंद काचेच्या डोममध्ये एलईडी लवकर जातो. हवा खेळती राहील अशीच फिटिंग घ्या.