अपडेटला शिव्या देण्याआधी शिफ्ट-एस्केप दाबा

पीकविम्याचे दिवस, दुकानासमोर रांग, अन् आमचं ४ जीबी रॅमचं मशीन बसलं. "क्रोम अपडेट केलं अन् वाटोळं झालं," म्हणत पोरगा अपडेटच बंद करायला निघाला. थांबवलं त्याला.

क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या 'मेमरी फूटप्रिंट'वर, म्हणजे कोण किती मेमरी खातंय त्या रकान्यावर, क्लिक केलं की सगळ्यात खादाड वर येतो. आमच्याकडं तो विम्याचा फॉर्म नव्हता, सातबाराही नव्हता. कधीकाळी कुणीतरी टाकलेलं कूपन शोधायचं एक्स्टेन्शन, म्हणजे क्रोमला जोडलेला छोटा जादा प्रोग्राम, निघालं. काढलं, मशीन हललं.

ब्राउझर रॅम जास्त खातो हे मात्र खोटं नाही. २०१८ साली स्पेक्टर नावाची प्रोसेसरमधली खोट उघड झाली. तेव्हापासून क्रोम प्रत्येक साइट वेगळ्या प्रोसेसमध्ये कोंडतो, म्हणजे एका टॅबमधल्या भामट्या साइटला शेजारच्या टॅबमधली बँक दिसू नये. त्यापायी मेमरी १०-१३ टक्के वाढते, असं गूगलनंच तेव्हा सांगितलं होतं. मला हा सौदा मान्य आहे.

मग सेटिंग्जमधल्या 'परफॉर्मन्स'मध्ये मेमरी सेव्हर चालू करा. न वापरलेले टॅब झोपतात. पण झोपलेला टॅब उघडला की पान नव्यानं लोड होतं, अन् आपल्याकडचं नेट तुम्हाला माहितीच आहे. म्हणून पोर्टलचा पत्ता तिथंच 'नेहमी चालू ठेवा'च्या यादीत टाका.

विंडोज ७ असेल तर क्रोम १०९वरच थांबलेलं आहे. पुढचे अपडेट त्याला येत नाहीत, म्हणून त्यावर बँकेचं काम करू नका.