सबनेटिंग: बायनरी न लिहिता उत्तर कसं काढायचं

सबनेटिंग म्हणजे एका मोठ्या नेटवर्कचे पत्ते लहान नेटवर्कमध्ये (सबनेटमध्ये) विभागणं. नेटवर्किंगच्या परीक्षेत त्यासाठी आठ-आठ बिट्स मांडत बसलात तर वेळ पुरणार नाही. बायनरी एकदा नीट समजून घ्या, मग बाजूला ठेवा. रोजच्या सरावाला एकच आकडा पुरतो: ब्लॉक साइझ, म्हणजे एका सबनेटपासून पुढचं सबनेट किती अंतरावर सुरू होतं ते.

पेपर सुरू होताच कच्च्या कागदावर दोन ओळी लिहा, एकाखाली एक:

१२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १
१२८, १९२, २२४, २४०, २४८, २५२, २५४, २५५

वरची ओळ ब्लॉकची, खालची मास्कची (पत्त्यातला नेटवर्कचा भाग कुठवर ते मास्क दाखवतो). २५६ मधून मास्कचा आकडा वजा केला की त्याच्या डोक्यावरचा ब्लॉक मिळतो.

आता १७२.१६.७७.१४०/२० घ्या. /२० म्हणजे नेटवर्कचे २० बिट्स: पहिले दोन ऑक्टेट (टिंबांनी वेगळे केलेले आठ-आठ बिट्सचे भाग) पूर्ण आणि तिसऱ्यातले ४ बिट्स. वरच्या ओळींत चौथं घर पाहा: मास्क २४०, म्हणून २५५.२५५.२४०.०, आणि ब्लॉक १६. तिसऱ्या ऑक्टेटमध्ये १६ चा पाढा म्हणा: ४८, ६४, ८०. आपला ७७ हा ६४ आणि ८० च्या मध्ये. म्हणून नेटवर्क १७२.१६.६४.०, पुढचं १७२.१६.८०.०, आणि त्याच्या एक आधीचा पत्ता, १७२.१६.७९.२५५, हा ब्रॉडकास्ट (त्या नेटवर्कमधल्या सगळ्यांना एकदम पाठवायचा पत्ता). होस्टचे (नेटवर्कला जोडलेल्या यंत्रांचे) बिट्स १२ उरले, म्हणजे ४०९६ पत्ते. नेटवर्क आणि ब्रॉडकास्ट वगळून ४०९४.

बहुतेक जण चुकतात ते ऑक्टेटमध्ये. ब्लॉक तिसऱ्यात असताना पाढा चौथ्यात म्हणतात. शिवाय शेवटी २५५ दिसलं की ब्रॉडकास्ट, हा गैरसमज. वरच्याच नेटवर्कमध्ये १७२.१६.६४.२५५ हा साधा होस्ट आहे, १७२.१६.६५.० सुद्धा. पर्यायांमध्ये असे पत्ते मुद्दाम पेरलेले असतात.

होस्टची संख्या देऊन मास्क विचारला तर राउटरचा पत्ता मोजला आहे का ते पाहा. ३० संगणक आणि १ गेटवे म्हणजे ३१. /२७ मध्ये ३०च मावतात, म्हणून /२६. (/३१ चा अपवाद: दोन राउटरमधल्या थेट लिंकवर त्यातले दोन्ही पत्ते वापरता येतात.)

व्हीएलएसएमच्या (एकाच नेटवर्कमधून वेगवेगळ्या आकारांचे सबनेट काढण्याच्या) प्रश्नात सगळ्यात मोठी गरज आधी भागवा. १९२.१६८.५.०/२४ मधून १००, ५०, २५ आणि २ होस्ट हवे असतील तर:

१०० साठी .०/२५
५० साठी .१२८/२६
२५ साठी .१९२/२७
२ साठी .२२४/३०

लहानापासून सुरुवात केली की /३० नं ० ते ३ घेतले, मग /२५ चौथ्यापासून मांडायचा मोह होतो. पण १२८ चा ब्लॉक ० किंवा १२८ वरच सुरू होतो.

जुन्या पुस्तकांत सबनेटच्या संख्येतूनही २ वजा केलेले दिसतील. ती पद्धत कधीच मागे पडली. आता २ वजा होतात ते फक्त होस्टमधून.

सरावाला रोज दहा पत्ते मनाला येतील तसे लिहा, /१७ ते /३० मधला कुठलाही प्रीफिक्स जोडा आणि घड्याळ लावून सोडवा. एकाला मिनिटापेक्षा जास्त लागत असेल तर पाढे कच्चे आहेत, विशेषतः ३२ चा.