बऱ्हाणपूरला एका दिवसात जाऊन यायचंय? आधी परमिट बघा

नाताळच्या सुट्टीत घरी पोरं जमली की तिसऱ्या दिवशी 'कुठंतरी जाऊ' सुरू होतं. आम्हा जळगावकरांना सकाळी निघून रात्री परत यायला परमुलुख सापडतो तो बऱ्हाणपूर. परमुलुख म्हणताना जीभ अडखळते, कारण फारुकी राजांच्या काळात खानदेशची राजधानी तिथंच होती. पण आता मध्ये राज्याची हद्द आहे, आणि हद्द आली की कागद आले. मागच्या वर्षी मी स्वेटरपासून सुईदोऱ्यापर्यंत सगळं घेतलं, कागद तेवढे विसरलो. म्हणून यादी परमिटपासून.

गाडी घरची, पांढऱ्या पाटीची असेल तर आरसी, विमा, पीयूसी, लायसन बघा आणि निघा. भाड्याची असेल तर नीट वाचा. पिवळ्या पाटीच्या गाडीला ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे का, हे भाडं ठरवतानाच विचारायचं. असेल तर मुदत संपलेली नाही ना, ते बघायचं. नुसतं महाराष्ट्राचं परमिट असेल तर मध्य प्रदेशचं तात्पुरतं परमिट आणि तिथला टॅक्स आधी भरावा लागतो. ऑनलाइन भरता येतो, पावती मिळते. 'हो हो, सगळं आहे' हे उत्तर धरू नका. मला हेच उत्तर मिळालं होतं. वर, 'कोनी धरत नाही भो, रोजचं जानं-येनं आहे.' हद्दीवरचं चोरवड मागे पडलं, पोरांनी 'आलं मध्य प्रदेश' म्हणून ओरडून घेतलं, आणि थोडं पुढे जातो तोच एकाने हात केला.

सव्वादोन तास. गाडीवाला मालकाला फोन लावतोय, मालक कुठल्याशा लग्नात, फोन उचलायला तयार नाही. आम्ही नऊ जण केळीच्या बांधावर ओळीनं बसलेलो. दुपारसाठी बांधलेल्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा सकाळी साडेनऊलाच उडाला. शेवटी टॅक्स भरला, दंड भरला, आणि आत्याचे टोमणे ऐकले ते फुकट. गाडीवाल्याला तरी काय बोलणार? मी त्याला किलोमीटरला किती, एवढंच विचारलं होतं.

तेव्हा पावतीचा फोटो आदल्या रात्री मागवा. त्यावर गाडीचा नंबर तोच आहे का, तारीख उद्याचीच आहे का, बघा. ऐनवेळी गाडी बदलली तर परमिटही बदललं, हे लक्षात ठेवा. परमिटचे पैसे भाड्यात धरलेत की वेगळे, हेही आधीच बोलून घ्या. आणि ओळखीतल्या कुणाची पांढऱ्या पाटीची गाडी 'डिझेल टाकून वर थोडे' म्हणून नेऊ नका; भाडं घेऊन माणसं बसवली तर खाजगी गाडीचा विमा हात वर करतो.

चार-पाच जणच असाल तर भुसावळहून रेल्वेनं जा, परमिटचा प्रश्नच मिटला. परतीची गाडी मात्र जातानाच ठरवा.

कपडे. डिसेंबरात पहाटे सावदा-रावेरच्या केळीपट्ट्यात गारठा हाडात शिरतो आणि दुपारी एक वाजता तोच स्वेटर काखेत घेऊन फिरावं लागतं. एकावर एक, काढता येतील असे घाला. म्हाताऱ्यांना कानटोपी. मोजे जास्तीचे घ्या, कारण जामा मशिदीत चपला काढाव्या लागतात आणि सकाळी तिथला दगड बर्फासारखा असतो. एक जोडी कपडे पोरांसाठी वेगळे. का, ते पुढे येतं. पाणी, गोळ्या, सुटे पैसे हे सांगायला नको.

सहाला निघा. उशीर केलात तर रावेरच्या अलीकडे केळीच्या ट्रकांमागे रांगत जाल.

आता क्रम, आणि तो उलटा करू नका. पहिलं कुंडी भंडारा, म्हणजे जमिनीखालून शहराला पाणी आणणारी जुनी व्यवस्था. ते रेल्वे स्टेशनच्या बाजूला, लालबागकडे आहे. बहुतेक लोक आधी किल्ल्याकडे जातात आणि हे राहून जातं. आमचं तर बांधावर बसल्यामुळे राहिलं: पोचलो तेव्हा खाली नेणारी लिफ्ट बंद झाली होती, आणि धाकटा पुतण्या जाळीतून खाली बघत रडत होता. जहांगीरच्या काळात, १६१५ मध्ये, अब्दुल रहीम खानखानानं हे काम करवलं. सातपुड्याच्या उतारावर मुरलेलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, कुठलाही पंप न लावता, नुसत्या उतारानं शहरात आणायचं. वर विहिरीसारख्या शंभरावर कुंड्या आहेत, त्यातून बोगद्याला हवा-उजेड मिळतो. लिफ्टनं साधारण ऐंशी फूट खाली जायचं. या वर्षी जानेवारीत मी पुन्हा जाऊन ते एकदाचं पाहिलं. भिंतींवर चुन्याचे पांढरे थर चढलेत, हात लावला की गार, खरखरीत. पायाखाली पाणी असतं, म्हणून ते जास्तीचे कपडे. लिफ्टमध्ये थोडीच माणसं मावतात, सुट्टीत रांग लागते. कोंदट जागेत घाबरणाऱ्याला वरच बसवा.

मग तापीकाठचा शाही किल्ला. हमामखान्याच्या छतावरची रंगीत नक्षी मान दुखेपर्यंत बघा. १७ जून १६३१ ला मुमताज महल बऱ्हाणपूरला चौदाव्या बाळंतपणात गेली. नदीपलीकडे, आहूखाना नावाच्या बागेत तिला तात्पुरतं पुरलं होतं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात देह आग्र्याला नेला. आमच्या आत्याला ताजमहाल माहीत, हे माहीत नव्हतं. ती तिथं बराच वेळ गप्प बसली, आणि त्या दिवशी तेवढाच वेळ मला परमिटवरून बोलणी बसली नाहीत.

जामा मशीद शुक्रवारी दुपारी टाळा. आत अरबीसोबत संस्कृत शिलालेख आहे, तो शोधायचं काम पोरांना लावून द्या.

असीरगड त्याच दिवशी नको. वीसेक किलोमीटर पुढे आहे, वर चढ आहे. अकबराला तो घ्यायला १६०१ उजाडलं, तुम्हाला दुपारी तीननंतर कुठून जमणार? त्याला वेगळा दिवस काढा. (आणि वेगळ्या दिवसाचं परमिट. एका दिवसाच्या पावतीवर दुसऱ्या दिवशी फिरू नका.)

जेवण: घरचं न्या. किती न्यायचं ते ठरवताना सकाळी बांधावर बसायची वेळ येऊ शकते, असं धरून चाला.

परतताना अंधार, धुकं, दिवे न लावलेल्या ट्रॉल्या. पाचला निघाच. गाडीवाल्याला चहा पाजा.

मावा जलेबी गरम खा, आणि घरी राहिलेल्यांची अर्धा किलो वेगळी बांधून डिकीत ठेवा. मांडीवर ठेवलेली रावेरच्या पुढे येत नाही.