काँक्रीट आणि इतर बांधकाम साहित्याचा पर्यावरणीय परिणाम कसा मोजावा

काँक्रीट वाईट की पोलाद, वीट बरी की लाकूड, हा प्रश्न ज्या स्वरूपात नेहमी विचारला जातो, त्या स्वरूपात त्याला उत्तर नसते. किलोला किलो लावून पाहिले तर काँक्रीट बरेच सौम्य ठरते, कारण एक किलो साध्या काँक्रीटमागे साधारण १३० ते १४० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तर खनिजापासून बनवलेल्या एक किलो पोलादामागे सुमारे दोन किलो जातो. तरीही जगातील कार्बन डायऑक्साइडच्या एकूण उत्सर्जनापैकी ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटच्या पदरात पडते, कारण दरवर्षी सुमारे ४०० कोटी टन सिमेंट तयार होते. म्हणजे साहित्याचा स्वभाव कळून भागत नाही. ते कोणत्या कामासाठी, किती आणि किती वर्षांसाठी वापरले जाणार, हे ठरल्यावरच हिशेबाला अर्थ येतो. हा हिशेब करण्याच्या रीतीला जीवनचक्र मूल्यमापन म्हणतात आणि तिची सर्वसाधारण चौकट आयएसओ १४०४० व १४०४४ या २००६ सालच्या मानकांत दिलेली आहे. त्यातले गणित शाळेतल्या गुणाकाराच्या पलीकडे फारसे जात नाही. खरी मेहनत गुणाकाराच्या आधी काय धरायचे आणि काय सोडायचे, हे ठरवण्यात आहे.

पहिली पायरी : काम ठरवा, मग एकक

तुलना साहित्याची करू नका, कामाची करा. ‘एक घनमीटर काँक्रीट विरुद्ध एक घनमीटर लाकूड’ ही तुलना निरर्थक आहे, कारण तोच भार पेलायला दोन्ही सारख्या आकारमानात लागत नाहीत. त्याऐवजी ‘एवढा भार पेलणारी, आगीत एवढे तास टिकणारी, ६० वर्षे चालणारी १०० चौरस मीटर मजल्याची जमीन’ असे वाक्य लिहून काढावे. यालाच कार्यात्मक एकक म्हणतात. भिंत असेल तर त्यात उष्णतारोधाची अटही घालावी. नाहीतर पातळ भिंत कागदावर जिंकते आणि तिची भरपाई पुढची कित्येक वर्षे विजेच्या बिलात होत राहते.

दुसरी पायरी : सीमा आखा

ईएन १५९७८ हे २०११ सालचे युरोपीय मानक इमारतीचे आयुष्य टप्प्यांत वाटते आणि हे टप्पे आता युरोपाबाहेरही वापरले जातात. ए१ ते ए३ म्हणजे कच्चा माल, त्याची वाहतूक आणि कारखाना. ए४ म्हणजे साइटपर्यंतची वाहतूक. ए५ म्हणजे प्रत्यक्ष बांधकाम आणि त्यातली नासाडी. बी म्हणजे वापर, दुरुस्ती व बदली. सी म्हणजे पाडकाम आणि राडारोड्याची विल्हेवाट. पुनर्वापरातून पुढे कोणाला तरी होणारा संभाव्य फायदा डी या वेगळ्या खान्यात जातो आणि तो एकूण बेरजेत मिसळायचा नसतो. हा नियम सर्रास मोडला जातो. पन्नास वर्षांनी कोणीतरी सळई वितळवून वापरेल, या भरवशावर आज सूट घेणे म्हणजे न मिळालेल्या वारशावर कर्ज काढणे होय. प्राथमिक अंदाजासाठी ए१ ते ए५ पुरेसे असतात, मात्र लाकूड, फ्लोअरिंग किंवा रंग यांचा प्रश्न असेल तर बी आणि सी टाळता येत नाहीत.

तिसरी पायरी : मोजमाप

कंत्राटदाराच्या मोजमाप पत्रकातून प्रत्येक साहित्याचे प्रमाण घ्या आणि ते किलोमध्ये आणा. आधी पाया, खांब, तुळया आणि स्लॅब मोजा, कारण बहुतेक इमारतींत अंतर्भूत कार्बनचा (म्हणजे इमारत चालवताना नव्हे, तर साहित्य बनवताना, बांधताना, दुरुस्त करताना व पाडताना होणाऱ्या उत्सर्जनाचा) मोठा वाटा सांगाड्यातच असतो. मी पहिल्यांदा असा तक्ता केला तेव्हा टाइल चिकटवण्याच्या मसाल्याचा अंक शोधण्यात दोन दिवस घालवले आणि स्लॅबमधली सळई लिहायचीच विसरलो. मोठे आकडे आधी, बारीकसारीक नंतर.

चौथी पायरी : उत्सर्जन गुणक शोधा

एक किलो साहित्यामागे किती किलो कार्बन डायऑक्साइड, हा अंक म्हणजे उत्सर्जन गुणक. इतर हरितगृह वायूही यात त्यांच्या तापवण्याच्या क्षमतेनुसार कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतरित होऊन येतात. सर्वांत विश्वसनीय अंक उत्पादकाच्या पर्यावरणीय घोषणापत्रात मिळतो. व्यवहारात त्याला ईपीडी म्हणतात. ते आयएसओ १४०२५ नुसार त्रयस्थ तज्ज्ञाने तपासलेले असते आणि साधारणपणे पाच वर्षे वैध राहते. ईपीडी हातात आल्यावर थेट शेवटच्या अंकाकडे धावू नका. अंक एका टनाचा आहे, एका घनमीटरचा की एका चौरस मीटरचा, हे आधी पाहा. मग त्यात कोणते टप्पे धरले आहेत ते पाहा. नंतर तो एकाच कारखान्याचा आहे की अनेक कारखान्यांची सरासरी आहे, हे तपासा. आणि शेवटी दोन्ही उत्पादनांची घोषणापत्रे एकाच नियमावलीवर आधारलेली आहेत का, याची खात्री करा. बांधकाम उत्पादनांच्या ईपीडीसाठी ईएन १५८०४ हे युरोपीय मानक आहे; त्याच्या २०१९ सालच्या दुरुस्तीपूर्वीच्या आवृत्तीवर आधारलेले पत्र आणि त्यानंतरचे पत्र शेजारी ठेवून तुलना केली तर फसगत होते. ईपीडी उपलब्ध नसेल तर सर्वसाधारण माहितीसंच वापरावा, पण तक्त्यात तशी नोंद करावी.

सिमेंटचा गुणक एवढा मोठा का, हे एकदा समजून घेतले की पुढचे बरेच काही आपोआप उलगडते. सिमेंटचा गाभा असलेले क्लिंकर चुनखडी आणि माती सुमारे १४५० अंश सेल्सियसला भाजून बनते. चुनखडी तापली की फुटते : १०० किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड निघून जातो. हा वायू इंधनाचा धूर नव्हे, तो दगडातूनच निघतो; म्हणून भट्टी उद्या पूर्णपणे सौर विजेवर चालवली तरी तो निघणारच. एक टन क्लिंकरमागे दगडातून निघणारा वायू अर्ध्या टनाहून थोडा अधिक असतो, आणि उरलेला इंधनाचा व विजेचा हिस्सा मिळवून एकूण आकडा ०.८ ते ०.९ टनाच्या आसपास जातो. त्यामुळे कोणत्याही सिमेंटबद्दल पहिला प्रश्न ‘यात क्लिंकर किती टक्के?’ हाच विचारावा. पिशवीवरचे हिरवे पान किंवा ‘इको’ हा शब्द या प्रश्नाचे उत्तर देत नाही.

पाचवी पायरी : गुणाकार

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. १०० चौरस मीटर क्षेत्राचा, १५ सेंटीमीटर जाडीचा स्लॅब म्हणजे १५ घनमीटर काँक्रीट. प्रत्येक घनमीटरमध्ये ३५० किलो सिमेंट, १८५० किलो वाळू-खडी आणि १७५ किलो पाणी आहे असे धरू. सिमेंटचा गुणक ०.९ घेतला तर ३१५ किलो, वाळू-खडीचा ०.००५ घेतला तर जेमतेम ९ किलो. पाण्याचा वाटा नगण्य. एका घनमीटरला ३२४ किलो, म्हणजे स्लॅबच्या काँक्रीटला ४,८६० किलो. वाळू-खडी वजनात ७८ टक्के आणि कार्बनमध्ये ३ टक्क्यांहून कमी आहे, हे इथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता सळई. घनमीटरमागे ८० किलो धरली तर १,२०० किलो होते, आणि गुणक २ धरला तर तिचा वाटा २,४०० किलो. सुमारे ३६ टन काँक्रीट ३० किलोमीटरवरून ट्रकने आणायचे आणि टन-किलोमीटरला ०.१ किलो धरायचे, तर वाहतुकीचे १०७ किलो. एकूण ७,३६७ किलो. ५ टक्के नासाडी धरली की सुमारे ७,७३५ किलो, म्हणजे चौरस मीटरला ७७ किलो. हे गुणक उदाहरणापुरते, पण वास्तवाच्या जवळचे आहेत; आपल्या कामात आपल्या पुरवठादाराचे घालावेत.

तक्ता तयार झाला की त्याला प्रश्न विचारता येतात. सिमेंटपैकी ४० टक्के जागी लोखंडाच्या झोतभट्टीतून निघणारे दळलेले स्लॅग वापरले आणि त्याचा गुणक ०.०७ धरला, तर काँक्रीटचा आकडा सुमारे ३,१२० वर येतो आणि १,७४० किलो वाचतात. सळई खनिजापासूनच्या ऐवजी भंगार वितळवून विद्युत भट्टीत बनवलेली घेतली, गुणक ०.६ धरला, तर १,६८० किलो वाचतात. म्हणजे चर्चा सगळी सिमेंटची होते आणि तेवढीच बचत सळईच्या ऑर्डरमध्ये निमूटपणे पडून असते. रचनाकार अभियंत्याने हिशेब करून जाडी एक सेंटीमीटर कमी करता येईल असे सांगितले, तर एकट्या काँक्रीटमध्ये ३२४ किलो वाचतात, म्हणजे संपूर्ण वाहतुकीच्या तिप्पट. ‘जवळचे तेच चांगले’ हा आग्रह खडीसारख्या स्वस्त, जड मालाला लागू पडतो, कारण तिथे वाहतूकच मुख्य असते; सिमेंट आणि पोलादाच्या बाबतीत मात्र कारखाना किती दूर आहे यापेक्षा तो कसा चालतो याला सहसा अधिक महत्त्व असते.

स्लॅगच्या बचतीवर एक शंका मात्र नोंदवायला हवी. स्लॅग आणि फ्लाय ॲश (कोळशाच्या वीजकेंद्रातली बारीक राख) हे दुसऱ्या उद्योगांचे उपपदार्थ आहेत, त्यांचा पुरवठा मर्यादित आहे, आणि चांगल्या प्रतीचे स्लॅग बहुतांशी आधीच वापरले जाते. तुम्ही जास्त घेतले तर दुसऱ्या कोणाला कमी मिळते आणि जगाची बेरीज तशीच राहते. भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेली चुनखडी यांचे मिश्रण घालून क्लिंकर जवळपास निम्म्यावर आणणारे एलसी३ सिमेंट या दृष्टीने अधिक आश्वासक वाटते, कारण चिकणमाती ८०० अंशांच्या आसपास भाजून भागते आणि ती तापवताना तिच्यातून मुख्यतः पाण्याची वाफ निघते. अशा मिश्र सिमेंटची, विशेषतः जास्त स्लॅग असलेल्या सिमेंटची, ताकद सावकाश वाढते. म्हणून जिथे घाई नाही, उदाहरणार्थ इमारतीच्या पायाच्या कामात, तिथे मजबुतीची अट २८ दिवसांऐवजी ५६ दिवसांवर ठेवता येते का, हे अभियंत्याला अवश्य विचारावे.

सहावी पायरी : आयुष्य आणि शेवट

बदली होणाऱ्या वस्तूंचा हिशेब इमारतीच्या आयुष्याने करावा. वीस वर्षे टिकणारे फ्लोअरिंग साठ वर्षांत तीनदा विकत घेतले जाते, म्हणजे पहिल्या वेळेचा आकडा तिप्पट होतो. आयुष्यभर टिकणारी फरशी सुरुवातीला महाग वाटली तरी इथे पुढे जाऊ शकते.

लाकडाचा हिशेब सर्वांत निसरडा असतो. कोरड्या लाकडाच्या वजनाचा साधारण अर्धा भाग कार्बन असतो, म्हणून एक किलो लाकडात हवेतून घेतलेला सुमारे १.८ किलो कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो. तो वजा करून ए१ ते ए३ चा आकडा ऋण दाखवला जातो, आणि लाकूड पुढे जाळले किंवा कुजले की तोच परत येतो ही गोष्ट सी टप्प्यात दडून राहते. सी न दाखवणाऱ्या घोषणापत्रातला ऋण अंक स्वीकारू नये. साठा वेगळ्या ओळीत लिहावा आणि तोडलेल्या जागी जंगल पुन्हा वाढते आहे का, याचा पुरावा मागावा.

काँक्रीटही हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत शोषते. पण सळईपर्यंत ती प्रक्रिया पोहोचली तर काँक्रीटचे अल्कधर्मी संरक्षण जाते आणि सळई गंजू लागते, त्यामुळे उभ्या इमारतीत हे शोषण वाढावे असे कोणी इच्छित नाही.

सातवी पायरी : कार्बनपलीकडे पाहा

एकाच अंकावर निर्णय घेतला तर दुसरीकडचे नुकसान नजरेआड होते. वाळू-खडीचा कार्बन नगण्य आहे हे वर दिसलेच, पण जगात दरवर्षी ४,००० ते ५,००० कोटी टन वाळू आणि खडी उपसली जाते, आणि नदीपात्रातून केलेल्या बेसुमार उपशाने पात्र खोल जाते, काठ ढासळतात, भूजल उतरते. हे नुकसान कार्बनच्या रकान्यात कधीच येत नाही. दगड फोडताना व काँक्रीट कापताना उडणारी सिलिकाची बारीक धूळ फुफ्फुसांसाठी घातक आहे आणि ती कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत आहे. ईपीडीत आम्लीकरण, जलप्रदूषण, पाण्याचा वापर अशा आणखी ओळी असतात. निदान ज्या ओळीत दोन पर्यायांमध्ये मोठी तफावत आहे ती तरी वाचावी.

आठवी पायरी : उत्तर हलवून पाहा

प्रत्येक मोठा गुणक २० टक्क्यांनी वर-खाली करा आणि क्रम बदलतो का ते पाहा. दोन पर्यायांत ५-१० टक्क्यांचाच फरक असेल आणि माहिती सरासरीवर आधारलेली असेल, तर विजेता जाहीर करू नये. त्यापेक्षा दोघांतला जो पर्याय दुरुस्तीला सोपा असेल तो निवडावा. तक्त्यात आणखी एक रकाना अवश्य असू द्यावा : ‘जुने बांधकाम तसेच ठेवले तर’. पाया आणि सांगाडा राखून केलेले नूतनीकरण बहुतेकदा कुठल्याही हिरव्या सिमेंटने बांधलेल्या नव्या इमारतीला अंतर्भूत कार्बनमध्ये मागे टाकते, आणि तरीही हा रकाना भरण्याआधीच बऱ्याचदा पाडकामाची निविदा निघालेली असते.

बांधकाम सुरू झाल्यावर तक्ता मिटवून ठेवू नका. काँक्रीटच्या प्रत्येक गाडीबरोबर येणाऱ्या चलनावर मिश्रण, आकारमान आणि निघाल्याची वेळ असते, आणि सळईच्या वजनकाट्याची पावती असते. ती जमा करून अंदाजाच्या शेजारच्या रकान्यात प्रत्यक्षाचे आकडे भरत जावे. नासाडी ५ टक्के धरलेली असते, ती ११ निघाली की पुढच्या स्लॅबच्या आधी शटरिंगची मापे तपासावीत.