‘मंजूर’ शब्द जपून लिहा: आमदारांचा रविवारचा निरोप कसा करायचा

आमदारांच्या संपर्क कार्यालयात मी नऊ वर्षांपासून लेखनिक आहे. त्याआधी तालुक्याचा वार्ताहर होतो, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं. दर रविवारी संध्याकाळी मांजरा नदीच्या काठच्या आमच्या सव्वाशे गावांना साहेबांच्या नावानं एक निरोप जातो: आठवड्यात काय झालं, कोणती योजना चालू आहे, कागद कोणते लागतात, जायचं कुठं. तो मी लिहितो.

मागच्या महिन्यात शेजारच्या मतदारसंघातला एक पोरगा आला. “काका, आमच्या साहेबांनी मला हेच करायला लावलंय. सुरुवात कुठून करू?” दोन चहा होईपर्यंत त्याला जे सांगितलं ते इथं मांडतो. मराठवाड्यात विधानसभेचे ४६ मतदारसंघ आहेत, म्हणजे हेच काम अंगावर पडलेले आणखीही कुणी असणार.

सगळ्यात आधी बॅनर बंद करा. निळ्या-केशरी रंगावर पिवळी अक्षरं, वर पाच फोटो, खाली अकरा फोटो, आणि मधे कुठंतरी शिबिराची तारीख. उन्हात बांधावर उभं राहून मोबाइलवर हे कुणाला वाचता येत नाही. त्यातला फोन नंबर दाबून फोन लागत नाही, की मजकूर उचलून भावाला पाठवता येत नाही. साधा टाइप केलेला मजकूर पाठवा. आणि हे लक्षात घ्या की व्हॉट्सॲपवर लांब मजकुराखाली ‘आणखी वाचा’ येतं. त्याच्या वर जेवढं मावेल तेवढंच बरीच माणसं वाचतात. माझ्या पहिल्या वर्षीच्या निरोपांत तिथवर फक्त साहेबांची विशेषणं मावायची.

उदाहरण देतो. जुन्या पद्धतीनं मी असं लिहिलं असतं: “मा. आमदार साहेबांच्या अथक प्रयत्नांना व सततच्या पाठपुराव्याला यश येऊन सोयाबीन हमीभाव खरेदी केंद्रास मान्यता मिळाली आहे.” वाचणारा म्हणतो, बरं मग? २०२५ च्या हंगामात मी पाठवलेला निरोप असा होता:

“सोयाबीन हमीभावानं द्यायचंय? नोंदणी सोमवारपासून, खरेदी-विक्री संघाच्या गोदामावर, १० ते ५. भाव क्विंटलला ५,३२८ रुपये. सातबारा ज्याच्या नावे आहे त्यानं स्वतः यावं, अंगठा लागतो. सोबत आधार, पासबुक आणि यंदाची पीक पाहणी चढलेला सातबारा. नोंदणीला येताना माल आणू नका. तुमच्या मोबाइलवर तारीख येईल त्या दिवशी आणा. ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला तर माल परत जातो, वाळवून आणा.”

साहेबांचं नाव शेवटी, एका ओळीत. साहेबांनी सुरुवातीला तोंड वाकडं केलं, नंतर काही बोलले नाहीत.

यातली सगळ्यात कामाची ओळ म्हणजे ‘माल आणू नका’. आदल्या वर्षी ती नव्हती. नोंदणीच्या पहिल्याच दिवशी लोक ट्रॅक्टर भरून आले. एकानं दोन रात्री गोदामासमोर काढल्या, भाडं अंगावर घेतलं आणि शेवटी तोच माल मोंढ्यात पडेल भावानं देऊन गेला. तेव्हापासून मी निरोप लिहिताना स्वतःला विचारतो, हे वाचून माणूस उद्या सकाळी घरातून काय घेऊन निघेल? काय घेऊन निघू नये, तेही लिहायचं.

माझी एक चूकही सांगतो. त्याच हंगामात आदल्या वर्षीचा निरोप उचलून तारखा बदलल्या आणि एका गटात भाव ४,८९२ तसाच राहिला. तो २०२४ चा हमीभाव. दिवसभर फोन: “यंदा भाव कमी कामून केला?” जुना निरोप कॉपी करू नका. केलाच तर प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून वाचा.

आता बातमी खरी की खोटी हे कसं बघायचं. रोज दहा ‘शासन निर्णय’ फिरत येतात. खऱ्या शासन निर्णयाच्या शेवटी लिहिलेलं असतं की हा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध आहे आणि त्याचा संकेतांक अमुक आहे. तो अठरा आकडी असतो आणि त्यातले पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. ‘आजच निघाला’ म्हणून आलेल्या कागदाचा संकेतांक २०२१ नं सुरू होत असेल तर चहा पिऊन घ्या, घाई नाही. संकेतांक नसेल तर तो कागद पुढं ढकलू नका. असेल तर संकेतस्थळावर तो टाकून बघा, आणि मग विषय सोडून थेट ‘पात्रता’ आणि ‘कागदपत्रं’ या भागावर या. प्रस्तावना शेवटी वाचली तरी चालते.

जुना खरा नियमही खोट्याइतकाच नडतो. पीकविम्याचं बघा. ‘नुकसान झालं की ७२ तासांत कळवा’ हे आम्हीच वर्षानुवर्षं लोकांना पढवलं. २०२५ च्या खरिपात राज्यात योजना बदलली: एक रुपयातला विमा संपला, खरिपाच्या अन्नधान्य आणि तेलबियांना विमा रकमेच्या २ टक्के हप्ता आला, आणि भरपाई पीककापणी प्रयोगाच्या, म्हणजे निवडक शेतांत पीक कापून मोजलेल्या, उत्पन्नावर ठरायला लागली. तरी त्या हंगामात पाऊस पडला की ७२ तासांचा जुना मेसेज जागा व्हायचा आणि लोक पाण्यात उभे राहून फोटो काढत बसायचे. अशा वेळी नवा नियम सांगून भागत नाही. ‘तो जुना मेसेज या हंगामाला लागू नाही’ हे स्पष्ट लिहावं लागतं, नाही तर दोन्ही मेसेज शेजारी शेजारी फिरत राहतात.

आणि आता तो ‘मंजूर’ शब्द.

सहा वर्षांपूर्वी मी लिहिलं, “अमुक वस्तीचा रस्ता मंजूर.” दीड किलोमीटरचा रस्ता. वस्तीवरच्या एका माणसानं ते वाचून दूध घालायला हप्त्यावर टमटम घेतली. दोन पावसाळे ती टमटम डांबरी फाट्यावर ताडपत्री पांघरून उभी होती आणि हा पठ्ठ्या कॅन डोक्यावर घेऊन चिखलातून फाट्यापर्यंत यायचा. तो ऑफिसात भांडायला आला नाही. एका लग्नात पंगतीत शेजारी बसला आणि वाढप्याला म्हणाला, “यांना भात मंजूर करा, वाढू नका.”

तेव्हा साहेबांनी फक्त पत्र दिलं होतं. पत्रानंतर अंदाजपत्रक होतं, मग तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश, आणि त्यानंतर ठेकेदाराला सवड मिळाली तर मुरूम. यातल्या प्रत्येक पायरीला ऑफिसात आम्ही ‘मंजूर’च म्हणतो. लोकांना त्याचा अर्थ एकच कळतो: उद्या रोलर येणार. म्हणून मी आता तो शब्द लिहितच नाही. पायरी लिहितो: “प्रशासकीय मान्यता मिळाली, निविदा बाकी. यंदाच्या पावसाळ्याआधी रस्ता होणार नाही.” शेवटचं वाक्य लिहिताना हात थांबतो, साहेबही थांबवतात. पण ते लिहा. टमटमवाल्याला तेच पाहिजे होतं.

लोकांना निधीचा हिशोबही एकदा सांगून टाका. आमदारांचा स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी. आमच्या सव्वाशे गावांना सारखा वाटला तर गावाला चार लाख येतात. चार लाखांत डांबरी रस्ता होत नाही. हे वर्षातून एकदा लिहिलं की ‘आमच्या गावाला काय दिलं’ हा प्रश्न बंद होत नाही, पण विचारणारा जरा अंदाजानं विचारतो.

पैशाच्या निरोपात ‘जमा झाले’ एवढंच लिहून सोडू नका. निराधार योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये आधारवरून थेट खात्यात यायला लागले तेव्हा मी तेवढंच लिहिलं होतं. एक आजी तीन महिने बँकेत खेटे घालत होती. पासबुक तेच, शिक्का तोच, रक्कम शून्य. कॅशियर म्हणायचा ऑफिसात विचारा, ऑफिसात म्हणायचे बँकेत विचारा. शेवटी पासबुक घेऊन माझ्या टेबलापुढं बसली. “माय मेली का जिती, हेच बघायला कुणी तयार नाही बघ लेकरा.” विचारत गेल्यावर कळलं, मधे नातवानं दुसऱ्या बँकेत खातं काढून दिलं होतं आणि आधार तिकडं जोडलं गेलं होतं. साडेचार हजार तिथं पडून होते. तेव्हापासून अशा प्रत्येक निरोपात असतं: “आधार सगळ्यात शेवटी ज्या खात्याला जोडलं, पैसे तिथं येतात. दुसरं खातं काढलं असेल तर आधी तिथं बघा.”

पुराचा निरोप रविवारची वाट बघत नसतो. २०२५ च्या सप्टेंबरात धनेगावच्या मांजरा धरणातून पाणी सोडलं, तेव्हा पाटबंधारे खात्याचा मेसेज मी जसाच्या तसा पुढं पाठवला: इतके दरवाजे, इतके क्युसेक. दहा मिनिटांत नदीकाठच्या एका मामाचा फोन. “क्युसेक राहू द्या. पाणी मोटारीपर्यंत येतंय का आखाड्यापर्यंत, तेवढं सांगा.” आखाडा म्हणजे शेतातला गोठा. मला सांगता येईना. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर, हे मला पाठ आहे, पण त्यावरून मामाला म्हैस सोडायची की नाही ते कळत नाही. आता असा आकडा आला की मी आधी शाखा अभियंत्याला फोन करतो, मग वरच्या अंगाच्या गावातल्या पोलीस पाटलाला, आणि लोकांच्या खुणेत लिहितो: “परवापेक्षा पाणी जास्त येतंय. मोटारी, पाइप काढा. जनावरं वरच्या शिवारात न्या. पुलावरून जाऊ नका.” वर तारीख आणि वेळ, रात्री ११.२० अशी मिनिटासकट. कारण हाच मेसेज दुसऱ्या दिवशी दुपारीही फिरत असतो आणि पाणी उतरल्यावर पुन्हा पळापळ होते.

नुकसानीच्या अनुदानाच्या याद्या आल्या की मोह होतो, पीडीएफ सरळ गटात टाकावी. टाकू नका. त्यात लोकांची नावं, खाते क्रमांक, कधी आधारही असतं. “यादी तलाठ्याकडं लागली आहे, यादीतला आपला विशिष्ट क्रमांक घेऊन सेतू केंद्रात केवायसी करा” एवढं पुरतं. आणि हो, तलाठीच लिहा. आता ते ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालेत आणि ग्रामसेवक ‘ग्रामपंचायत अधिकारी’, पण नवी नावं लिहिली की लोक फोन करून विचारतात हे कोण नवीन आले.

दवाखान्याच्या बाबतीत क्रम महत्त्वाचा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ५ लाखांपर्यंत उपचार होतात, पण रुग्णालय योजनेत असायला पाहिजे. दाखल होतानाच आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या माणसाला, भेटून आधार आणि रेशनकार्ड द्यायचं. लोक बिल भरून आठ दिवसांनी आमच्याकडं येतात आणि मग साहेबांच्या पत्राचाही उपयोग होत नाही. म्हणून योजनेचा १५५३८८ हा मदतीचा नंबर मी दर महिन्याच्या पहिल्या निरोपात टाकतो, आजारी कुणी असो नसो.

अधिवेशनाचं थोडक्यात लिहा. साहेबांनी तारांकित प्रश्न विचारला की लक्षवेधी लावली, यात गावाला रस नाही. मंत्र्यांनी उत्तर काय दिलं आणि तारीख दिली का, एवढ्या दोन ओळी. उत्तर गोल असेल तर ‘तपासून बघू असं उत्तर मिळालं’ असंच लिहा. आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की साहेबांच्या नावानं योजनांचे निरोप थांबवा. शंका असेल तर तहसीलच्या निवडणूक शाखेत विचारून मगच पाठवा.

पाठवण्याची एक अडचण. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ च्या वर माणसं बसत नाहीत, आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना निरोप जातच नाही. मला हे दीड वर्षानं कळलं. तोवर मी निम्म्या तालुक्याला मनातल्या मनात निरोप पाठवत होतो. आता दर गावातले चार जण धरलेत: एक आशाताई, एक दूध डेअरीवाला, एक शाळेचे गुरुजी आणि एक विरोधी पक्षाचा. चौथा मुद्दाम. चूक असली तर तो पाच मिनिटांत कळवतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तोच मजकूर माझ्या आवाजात, दीड मिनिटाच्या आत. पंख्याखाली बसून रेकॉर्ड करू नका, नुसती घरघर ऐकू येते.

सोमवारी सकाळी फोनजवळ वही ठेवा. कुणी काय विचारलं ते लिहा, नाव नको, प्रश्न लिहा. एकच प्रश्न पाच वेळा आला की निरोपातून एक वाक्य राहिलंय असं समजायचं. ते वाक्य घालून वर ‘दुरुस्ती’ लिहून निरोप पुन्हा पाठवायचा. मागच्या सोमवारी अकरा फोन एकाच प्रश्नाचे होते: सेतू दुपारी बंद असतं का? असतं, दीड ते अडीच. अकरापैकी चार जण तेव्हा सेतूच्या पायरीवर बसूनच विचारत होते.