सीटीवर लिव्हरची वेगळी आर्टरी सुटू नये म्हणून

हेपॅटिक आर्टरी (लिव्हरला रक्त देणारी धमनी) वेगळीकडून निघाली असेल तर रिपोर्टमधे ती सुटते, कारण आपण सिलिअकपासून (महाधमनीची फांदी, जिथून ती सहसा निघते) सुरू करतो, नेहमीचा फाटा दिसला की पुढे सरकतो. त्यापेक्षा उलटं करा, आधी दोन फटी बघा.

आर्टेरियल फेजच्या (डाय धमन्यांमधे असतानाच्या) पातळ स्लाइस उघडा, १ मिमीच्या आसपास. जाड स्लाइसवर बारीक फांदी हरवते.

१) पोर्टल व्हेन (आतड्यांकडून लिव्हरला रक्त आणणारी शीर) आणि आयव्हीसी (शरीराच्या खालच्या भागातलं रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर) यांच्या मधली फट. पोर्टल व्हेनच्या मागून आर्टरी उजवीकडे जाताना दिसली तर उजवी हेपॅटिक बहुतेक एसएमएमधून (सुपिरिअर मेसेंटेरिक आर्टरी, आतड्यांची मुख्य धमनी) आलीये.

२) डावा लोब आणि कॉडेट (लिव्हरचा मागचा छोटा लोब) यांच्या मधली, लिगामेंटम व्हिनोसमची फट. इथे आर्टरी दिसली की डावी हेपॅटिक लेफ्ट गॅस्ट्रिकमधून (जठराच्या धमनीतून) आल्याचा संशय घ्या.

३) आता सिलिअककडे या आणि नेहमीची उजवी-डावी पण आहे का बघा. असेल तर सापडलेली अ‍ॅक्सेसरी (जादाची), नसेल तर रिप्लेस्ड (नेहमीच्या जागी आलेली). हा फरक लिहाच, कारण व्हिपल (स्वादुपिंडाचं डोकं काढायचं ऑपरेशन) करताना रिप्लेस्ड उजवी चुकून बांधली गेली तर लिव्हरच्या त्या भागाचा धमनीतून येणारा रक्तपुरवठा जाऊ शकतो. मिशेल्सचा (हेपॅटिक आर्टरीच्या प्रकारांचं वर्गीकरण) नुसता टाइप नंबर टाकून थांबू नका, कुठून निघाली आणि पोर्टल व्हेनच्या पुढून गेली की मागून ते सरळ शब्दात लिहा, सर्जनला तेच हवं असतं.

एक सांभाळा: सिलिअकमधूनच लवकर फुटलेली उजवी हेपॅटिकसुद्धा कधीकधी पोर्टल व्हेनच्या मागून जाते, त्यामुळे मुळापर्यंत स्क्रोल केल्याशिवाय एसएमए लिहू नका.