गती आणि उंचीची शाब्दिक उदाहरणे सोडवताना या चुका टाळा

पंचवटीत घरी दहावीच्या मुलांना गणित शिकवताना वर्षानुवर्षे त्याच चुका पाहते आहे, आणि त्यांतली बहुतेक आकडेमोडीची नसून वाचण्याची घाई असते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे उंची कोठून मोजायची हे न ठरवणे. गेल्या वर्षी एका हुशार मुलासमोर असे उदाहरण होते: २५ मीटर उंच इमारतीच्या गच्चीवरून एक चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने सरळ वर फेकला, तर तो जमिनीवर किती सेकंदांनी पडेल? गुरुत्व त्वरण १० मी/से² धरायचे होते. त्याने लगेच २०क्ष − ५क्ष² = ० मांडले आणि ४ सेकंद असे उत्तर काढले. आकडेमोड बिनचूक होती. परंतु ४ सेकंदांनी चेंडू केवळ गच्चीच्या पातळीला परत येतो, खालचे २५ मीटर अजून बाकीच असतात. तीनदा तपासूनही त्याला चूक सापडली नाही, कारण दरवेळी त्याने समीकरण तपासले, उदाहरण नाही. शेवटी मी त्याला वहीत एक उभी रेघ ओढायला लावली, तळाशी ‘जमीन, ०’ आणि वर ‘गच्ची, २५’ असे लिहायला सांगितले. रेघ पूर्ण होण्याआधीच तो ‘पंचवीस राहिलेच की!’ म्हणाला. २५ + २०क्ष − ५क्ष² = ०, म्हणजेच क्ष² − ४क्ष − ५ = ०, यातून ५ आणि −१ मिळतात. काळ चेंडू फेकल्यापासून मोजतो, म्हणून −१ सोडायचे, आणि ते का सोडले हेही लिहायचे. ही रेघ मी स्वतः आजही आधी ओढते.

दुसरी चूक वेळेच्या वजाबाकीची. १८० किमी जाताना वेग ताशी १५ किमी जास्त असता तर १ तास वाचला असता, या उदाहरणात मुले वाढीव वेगाच्या वेळेतून मूळ वेळ वजा करतात. मग क्ष² + १५क्ष + २७०० = ० येते, त्याला वास्तव मुळेच नसतात, आणि बिचारी मुले अवयव शोधत बसतात. वेग वाढला की वेळ घटते, म्हणून मोठी वेळ आधी लिहावी: १८०/क्ष − १८०/(क्ष + १५) = १. क्ष म्हणजे मूळ वेग, उत्तर ताशी ४५ किमी.

नाशिकहून त्र्यंबकेश्वरला ताशी ६० ने गेलात आणि त्याच रस्त्याने ४० ने परतलात, तर सरासरी वेग ५० नव्हे, ४८ येतो.

ताशी ७२ किमी म्हणजे सेकंदाला २० मीटर. एकके समीकरणाआधीच बदलावीत. गाडी फलाट ओलांडते तेव्हा गाडीची लांबीही अंतरात धरावी.

झटपट युक्त्यांना माझा विरोध आहे, कारण गच्चीच्या जागी विहिरीचा काठ आला की त्या पाठ करणाऱ्याला शून्य कोठे ठेवायचे तेच कळत नाही.